हा निल आला कुठून?

दूध संकलन केंद्रासाठी कुणीतरी एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे, असे समजा. मूळ प्रोग्राम सी भाषेतला. दराचे नियम मात्र वरचेवर बदलतात, म्हणून ते लुआ या लहानशा स्क्रिप्टिंग भाषेत वेगळे काढून ठेवलेले. नोंदी करणारा माणूस मराठी कीबोर्डवरून फॅटच्या रकान्यात '४.५' लिहितो. स्क्रिप्ट तो मजकूर 'टूनंबर' या फंक्शनकडे देते. लुआला देवनागरी अंक कळत नाहीत, त्यामुळे उत्तर येते निल, म्हणजे 'काहीच नाही'. ना तक्रार, ना इशारा. हा निल नोंदीच्या टेबलात 'फॅट' या फील्डमध्ये ठेवला जातो, आणि लुआत फील्डमध्ये निल ठेवणे म्हणजे ते फील्ड काढूनच टाकणे. पुढे दीडशे ओळींनंतर, दुसऱ्याच फाइलमध्ये दराचा गुणाकार करताना स्क्रिप्ट कोसळते: 'अटेम्प्ट टू परफॉर्म अरिथमेटिक ऑन अ निल व्हॅल्यू (फील्ड फॅट)'. निलवर गणित करण्याचा प्रयत्न झाला, एवढेच ती सांगते.

संदेश खोटा नाही. पण चूक उघडी कुठे पडली ते तो सांगतो. घडली कुठे, ते सांगत नाही. लुआत चुका शोधण्याचा बहुतेक वेळ या दोन जागांमधले अंतर कापण्यात जातो. म्हणून डीबगिंगची आणि एरर हाताळण्याची प्रत्येक युक्ती एकाच कसोटीवर घासून पाहावी: तिने हे अंतर कमी होते की वाढते? खूप लोकप्रिय असलेल्या काही सवयी या कसोटीवर नापास होतात.

लुआ 1993 मध्ये रिओ द जानेरोच्या पॉन्टिफिकल कॅथलिक विद्यापीठात, टेकग्राफ या गटात तयार झाली. रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुइझ एन्रिके दे फिगेइरेदो आणि वाल्देमार सेलेस हे तिचे कर्ते. पेट्रोब्रास या ब्राझीलच्या तेल कंपनीसाठी टेकग्राफ प्रोग्राम बनवत असे, आणि ते वापरणारे बहुतेकजण पेशाने प्रोग्रामर नव्हते. भाषा लहान आणि साधी ठेवण्यामागे हे मोठे कारण होते. व्हेरिएबल आधी जाहीर करण्याची सक्ती नाही आणि नसलेल्या गोष्टीचे उत्तर निल, हा सोपेपणा त्याच वळणाचा. आज ही भाषा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात, रेडिस या डेटाबेसमध्ये, निओव्हिम या संपादकात, वायरशार्क या नेटवर्क तपासणाऱ्या साधनात आणि मराठी पुस्तकाची पाने जुळवू शकणाऱ्या लुआटेकमध्येही आहे. या सगळ्या ठिकाणी ती दुसऱ्याच्या घरात राहते. होस्ट प्रोग्राम वेगळा, स्क्रिप्ट वेगळी. त्यामुळे चूकही तीन ठिकाणी असू शकते: स्क्रिप्टमध्ये, होस्टमध्ये किंवा दोघांच्या उंबरठ्यावर.

पहिली गोष्ट, एरर संदेश पूर्ण वाचावा. हे सांगण्याची गरज वाटू नये, पण बरेचजण फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक पाहून थेट त्या ओळीवर उडी मारतात आणि कंसातला शब्द सोडून देतात. लुआ त्या कंसात निल झालेली गोष्ट कोणत्या जातीची आहे ते सांगते. 'ग्लोबल' असेल तर नावाचे स्पेलिंग चुकले असण्याची, किंवा 'लोकल' व्हेरिएबल त्याच्या हद्दीबाहेर वापरले गेले असण्याची शक्यता जास्त. 'फील्ड' असेल तर टेबल मिळाले आहे, आतली गोष्ट नाही. 'मेथड' असेल तर वस्तू बरोबर आहे, पण त्या नावाचे फंक्शन तिच्यात नाही. 'अपव्हॅल्यू' म्हणजे बाहेरच्या फंक्शनमधून आत आलेले व्हेरिएबल; त्याला किंमत मिळण्याआधीच आतले फंक्शन चालले का, ते पाहावे. आणि 'लोकल सेल्फ' निल आहे असे दिसले, तर जवळजवळ नेहमी कुणीतरी मेथड बोलावताना कोलनऐवजी (:) पूर्णविराम टाकलेला असतो.

सी भाषेत लिहिलेल्या फंक्शनांचे संदेशही असेच बोलके असतात. 'बॅड आर्ग्युमेंट' या संदेशाच्या शेवटी 'गॉट निल' असेल तर किंमत पाठवली होती, पण ती निल निघाली. 'गॉट नो व्हॅल्यू' असेल तर किंमत पाठवलीच नव्हती. या दोन वाक्यांत अर्ध्या तासाच्या शोधाचा फरक आहे.

वाक्यरचनेच्या चुकांतला एक प्रकार मराठी लिहिणाऱ्यांनी खास लक्षात ठेवावा. लुआ 5.3 पासून अनोळखी अक्षर भेटले की संदेशात त्या बाइटचा क्रमांक येतो, उदाहरणार्थ 'अनएक्सपेक्टेड सिम्बॉल नियर <\224>'. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट 224 असतो. म्हणजे कीबोर्ड मराठीवर राहिला आणि अवतरणचिन्हांच्या बाहेर एखादे अक्षर पडले. क्रमांक 226 असेल तर बहुधा वर्ड किंवा चॅटमधून चिकटवलेली गोलाकार अवतरणचिन्हे आहेत. 194 असेल तर डोळ्यांना न दिसणारी, न तुटणारी मोकळी जागा असू शकते. प्रमाण लुआत मजकुरात आणि टिपणांत देवनागरी खुशाल चालते, व्हेरिएबलच्या नावात चालत नाही.

फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक संदेशात नीट यावेत, ही जबाबदारी होस्ट लिहिणाऱ्याची. स्क्रिप्ट डेटाबेसमधून किंवा नेटवर्कवरून आणून 'लोड' केली आणि तिला नाव दिले नाही, तर संदेशाच्या सुरुवातीला 'स्ट्रिंग' या शब्दानंतर स्क्रिप्टची पहिली ओळच छापली जाते. सगळ्या स्क्रिप्टांची पहिली ओळ सारखी असेल तर कोणती कोसळली ते ओळखता येत नाही. लोड करताना दुसऱ्या जागी नाव द्यावे. नावाआधी '@' लावले की लुआ त्याला फाइलचे नाव समजते, '=' लावले की दिलेले नाव जसेच्या तसे छापते. फक्त या नावाला मूळ मांडणीत साठ बाइटची मर्यादा आहे. देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, तेव्हा लांबलचक मराठी फाइलनावे संदेशात अर्धवट दिसतील. नावे आखूड ठेवलेली बरी.

आता निल जन्मतो तिथेच त्याला पकडण्याकडे वळू. स्पेलिंगच्या चुकांसाठी स्क्रिप्ट चालवण्याची वाटच पाहू नये. 'लुआसी' या कंपायलरला '-पी' हा पर्याय दिला की तो फक्त वाक्यरचना तपासतो, काही चालवत नाही. त्याहून उपयोगी साधन म्हणजे 'लुआचेक'. कुठे जाहीर न झालेले ग्लोबल वापरले आहे, कोणते व्हेरिएबल जाहीर करून वापरलेच नाही, कुठे त्याच नावाच्या नव्या व्हेरिएबलने आधीचे झाकले गेले, हे सगळे ते फाइल न चालवता दाखवते. चालत्या स्क्रिप्टसाठी 'स्ट्रिक्ट' नावाची युक्ती जुनी आहे, लुआ 5.1 च्या मूळ संचातच तिची फाइल होती. ग्लोबलांच्या टेबलाला एक मेटाटेबल, म्हणजे टेबलाचे वागणे ठरवणारे दुसरे टेबल, जोडायचे, आणि जाहीर न केलेले नाव वाचले किंवा लिहिले गेले की तिथल्या तिथे एरर उठवायची. फाइल काही ओळींची आहे. नव्या प्रकल्पात पहिल्याच दिवशी ती जोडावी. वर्षभराने जोडायला गेल्यास इतक्या जुन्या चुका एकदम बाहेर येतात की लोक ती पुन्हा काढून टाकतात.

लुआत चूक कळवण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. पहिलीत फंक्शन निल परत देते आणि सोबत कारण सांगणारा मजकूर. फाइल उघडणारे 'आयओ.ओपन' असे वागते: फाइल नसेल तर निल, कारण आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा त्रुटी क्रमांक. 'लोड'देखील वाक्यरचना चुकल्यास एरर न उठवता निल आणि संदेश देते. दुसऱ्या रीतीत 'एरर' हे फंक्शन बोलावले की काम तिथेच थांबते आणि कुणी अडवेपर्यंत चूक वर वर जात राहते. जे रोजच्या व्यवहारात होणारच, जसे फाइल नसणे, नेटवर्क तुटणे, वापरणाऱ्याने रकाना चुकीचा भरणे, त्यासाठी पहिली रीत बरी. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्याच चुकीने जे झाले, त्यासाठी दुसरी.

पहिल्या रीतीचा धोका उघड आहे. परत आलेला निल कुणी तपासला नाही, तर तो पुढच्या प्रवासाला निघतो. त्यावर लुआत एका शब्दाचा उपाय आहे: 'असर्ट'. 'आयओ.ओपन'भोवती 'असर्ट' गुंडाळले की फाइल उघडल्यास ती सरळ हाती येते, न उघडल्यास कारणासकट एरर उठते. दूध केंद्राच्या प्रोग्राममध्ये 'टूनंबर'भोवती असे 'असर्ट' असते, तर स्क्रिप्ट रकाना वाचण्याच्या ओळीवरच थांबली असती. अर्थात तिथे देवनागरी अंक आधी बदलून घेणे हाच खरा इलाज, कारण '४.५' लिहिणाऱ्याचे काहीही चुकलेले नाही.

'असर्ट'च्या दोन खोडी आहेत. तो संदेशाला फाइल आणि ओळ क्रमांक जोडत नाही, 'एरर' जोडते. दुसरे असे की, संदेश म्हणून दिलेला मजकूर अट खरी असली तरी दर वेळी तयार होतो. त्यात मजकुराला व्हेरिएबल जोडले असेल आणि नेमके ते निल असेल, तर सगळे काही ठीक चाललेले असतानाही संदेश बनवण्याचीच ओळ कोसळते. संदेशात घालायची प्रत्येक किंमत 'टूस्ट्रिंग'मधून नेण्याची सवय लावावी.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनी 'एरर'च्या दुसऱ्या आर्ग्युमेंटकडे जास्त लक्ष द्यायला हवे. तिथे काहीच दिले नाही, तर दोष 'एरर' लिहिलेल्या ओळीवर जातो. तिथे 2 दिले, तर फंक्शनला चुकीची किंमत देऊन ज्याने बोलावले त्याच्या ओळीवर. लायब्ररी वापरणाऱ्याला स्वतःची फाइल आणि स्वतःची ओळ दिसते, आणि शोध तिथेच संपतो. एका आकड्याने इतके काम होत असताना तो न लिहिणे अक्षम्य आहे.

उठलेली एरर अडवण्याचे साधन 'पीकॉल'. ते दिलेले फंक्शन सांभाळून चालवते. सगळे नीट झाले तर 'ट्रू' आणि फंक्शनची उत्तरे, नाही तर 'फॉल्स' आणि एरर. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे फंक्शनचे नाव देण्याऐवजी ते कंसासकट बोलावून 'पीकॉल'मध्ये देणे. असे केल्यावर फंक्शन 'पीकॉल' सुरू होण्याआधीच चालते, आणि एरर थेट वर जाते. मेथड सांभाळून चालवायची तर मेथड, मग ती वस्तू, मग बाकीच्या किमती, या क्रमाने द्याव्यात.

जाणत्यांची चूक वेगळी, आणि जास्त घातक. 'पीकॉल' लावायचा, 'फॉल्स' आले तर दुसरे काहीतरी करायचे आणि संदेश टाकून द्यायचा. लुआत ठरावीक जातीचीच एरर पकडण्याची सोय नाही. 'पीकॉल' सरसकट सगळे पकडतो. फाइल न मिळण्याची तयारी म्हणून लावलेला 'पीकॉल' आत झालेली स्पेलिंगची चूकही गिळतो, आणि ती महिनोन्महिने गिळतच राहतो. म्हणून 'पीकॉल'च्या आत शक्य तितके कमी काम ठेवावे. पकडलेली एरर आपल्या अपेक्षेतली आहे का ते पाहावे, नसेल तर ती 'एरर'ने पुन्हा वर सोडावी. पुन्हा सोडताना दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये 0 द्यावे, म्हणजे मूळ संदेशापुढे आणखी एक ओळ क्रमांक चिकटणार नाही.

एरर ओळखणे सोपे जावे म्हणून मजकुराऐवजी टेबलही उठवता येते: त्यात प्रकार, कारण, संबंधित नोंद. मोठ्या प्रकल्पात हे फार सोयीचे. पण त्या टेबलाच्या मेटाटेबलात 'टूस्ट्रिंग' मेथड नसेल, तर कमांड लाइनवरचा लुआ फक्त 'एरर ऑब्जेक्ट इज अ टेबल व्हॅल्यू' एवढेच म्हणून गप्प बसतो.

'पीकॉल'ची आणखी एक मर्यादा: तो उत्तर देतो तोवर स्टॅक उलगडून गेलेला असतो. कोणी कोणाला बोलावले, ही साखळी नाहीशी झालेली असते. 'एक्सपीकॉल' इथे कामी येतो. त्याला दिलेले हँडलर फंक्शन एरर उठताच, स्टॅक जागेवर असतानाच चालते. हँडलर म्हणून 'डीबग.ट्रेसबॅक' दिले की पूर्ण साखळी हाती येते. यातही एक खाच आहे. एरर म्हणून टेबल उठवले असेल तर 'डीबग.ट्रेसबॅक' ते तसेच्या तसे परत करते, साखळी जोडत नाही. म्हणून टेबलाचे आधी मजकुरात रूपांतर करणारा स्वतःचा छोटा हँडलर लिहावा, आणि तो इतका साधा ठेवावा की त्यातच एरर उठणार नाही. साखळीत '(...टेल कॉल्स...)' दिसले तर घाबरू नये. 'रिटर्न'सोबतच दुसरे फंक्शन बोलावले की लुआ पहिल्याची जागा मोकळी करते, म्हणून ते साखळीत दिसत नाही. शोध घेताना तेवढ्यापुरते उत्तर एखाद्या लोकलमध्ये घेऊन मग परत दिले, की हरवलेला दुवा दिसू लागतो.

कोरूटीनमधली, म्हणजे मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येणाऱ्या कामातली, एरर तर आणखी लपते, कारण 'कोरूटीन.रिझ्यूम' स्वतःच 'पीकॉल'सारखे वागते. आत काही कोसळले तर 'फॉल्स' आणि संदेश मिळतो, एवढेच. ते उत्तर न तपासणारा कोड इतका सर्रास दिसतो की 'कोरूटीन मध्येच थांबते' अशी तक्रार आली तर आधी तिकडेच पाहावे. दिलासा असा की कोसळलेल्या कोरूटीनचा स्टॅक लगेच उलगडत नाही, 'डीबग.ट्रेसबॅक'ला ते कोरूटीन दिले तर मागाहूनही साखळी मिळते.

उघडलेली फाइल एरर आल्यावरही बंद व्हावी, यासाठी 2020 मध्ये आलेल्या लुआ 5.4 मध्ये 'क्लोज' खूण लावलेले लोकल व्हेरिएबल मिळाले. हद्द सुटताच, मग ती सरळ सुटो की एररने, त्याची बंद करण्याची मेथड चालते. जुन्या आवृत्तीवर काम असेल तर तेच 'पीकॉल'भोवती हाताने लिहावे लागते.

होस्ट लिहिणाऱ्यांसाठी नियम कडक आहेत. सी बाजूने लुआ चालवताना 'लुआ_पीकॉल'च वापरावा. उघड्या 'लुआ_कॉल'मध्ये एरर उठली आणि वर अडवणारे कुणी नसले, तर पॅनिक फंक्शन चालते आणि मग पूर्ण होस्ट प्रोग्राम बंद पडतो. 'लुआ_पीकॉल'ला हँडलर म्हणून ट्रेसबॅक बनवणारे सी फंक्शन द्यावे, लुआ 5.2 पासून त्यासाठी तयार फंक्शन आहे. स्मृती संपल्याची एरर मात्र हँडलरकडे जातच नाही, हे ध्यानात असावे.

सी++ वापरणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सी म्हणून कंपाइल केलेली लुआ एरर उठवताना 'लाँगजंप' करते. वाटेतल्या सी++ वस्तूंचे डिस्ट्रक्टर चालण्याची हमी राहत नाही. कुलूप उघडत नाही, स्मृती सुटत नाही. उपाय दोन: लुआच सी++ म्हणून कंपाइल करावी, म्हणजे ती एक्सेप्शन वापरते, किंवा एरर उठवू शकणारे लुआचे प्रत्येक काम, आर्ग्युमेंट तपासणेसुद्धा, अशा वस्तू तयार होण्याआधी उरकावे.

उंबरठ्यावरची नेहमीची दुसरी चूक म्हणजे सी आणि लुआ ज्यावरून किमती एकमेकांना देतात त्या स्टॅकचा हिशेब. सी फंक्शनने दोन किमती ठेवल्या आणि एकच उचलली, की लगेच काही बिघडत नाही. हजाराव्या फेरीला काहीतरी विचित्र होते. फंक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी 'लुआ_गेटटॉप' जुळते का ते पाहावे, आणि विकसनाच्या काळात 'लुआ_यूज_एपीआयचेक' हा मॅक्रो चालू करून लुआ कंपाइल करावी. चुकीचा वापर होताच ती त्याच ओळीवर थांबते. हेच तर हवे असते.

या सगळ्याची खरी परीक्षा पाहायची तर रेडिसकडे वळावे. तिथे 2.6 आवृत्तीपासून लुआ 5.1 आहे, आणि स्क्रिप्ट चालू असताना सर्व्हर बाकी कुणाचेही काम घेत नाही. स्क्रिप्टमधून आज्ञा देण्याच्या दोन वाटा आहेत. 'रेडिस.कॉल' चूक झाली की एरर उठवते, 'रेडिस.पीकॉल' चूक एका टेबलात, 'एर' या फील्डमध्ये घालून परत देते. दुसरी वाट निवडली तर ते फील्ड तपासणे आलेच. आणि अनेकांना उशिरा कळणारी बाब अशी की, स्क्रिप्ट अर्ध्यावर कोसळली तरी तोवर झालेले लेखन मागे फिरत नाही. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा करण्याआधी निलवर गणित झाले, तर वजाबाकी तशीच राहते. म्हणून रेडिसच्या स्क्रिप्टमध्ये सगळे वाचन, सगळी रूपांतरे, सगळ्या तपासण्या वर, आणि लेखन अगदी शेवटी. हा क्रम कधीही मोडू नये.

रेडिसचे आणखी दोन बारकावे चुकांना हमखास जन्म देतात. नसलेली 'की' मागितली तर लुआला निल मिळत नाही, 'फॉल्स' मिळते. निलशी तुलना करून केलेली तपासणी तिथे सुटून जाते. आणि स्क्रिप्टने अपूर्णांक परत दिला तर तो तोडून पूर्णांक केला जातो, 3.99 चे 3 होतात. अपूर्णांक हवा असेल तर तो मजकूर म्हणून परत द्यावा.

स्क्रिप्ट अडकली आणि ठरलेला वेळ, मूळ मांडणीत पाच सेकंद, उलटला की रेडिस इतरांना 'बिझी' असे उत्तर देऊ लागते. स्क्रिप्टने काही लिहिले नसेल तर 'स्क्रिप्ट किल'ने ती थांबवता येते. एकदा का काही लिहिले, की 'शटडाउन नोसेव्ह' एवढाच मार्ग उरतो. लेखन शेवटी ठेवण्याचे हे दुसरे कारण. शोधासाठी 3.2 आवृत्तीपासून रेडिसचा स्वतःचा लुआ डीबगर आहे. ओळीओळीने पुढे जाता येते, व्हेरिएबल छापता येतात, आणि स्क्रिप्टमध्येच 'रेडिस.ब्रेकपॉइंट' लिहून ठरावीक अट पुरी झाल्यावरच थांबता येते. तो सर्व्हरची वेगळी प्रत काढून चालतो, त्यामुळे बाकीचे काम अडत नाही आणि सत्र संपल्यावर बदलही टिकत नाहीत. चालत्या सर्व्हरवर 'प्रिंट' शिंपडण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

तरीही 'प्रिंट'ला कमी लेखू नये. इतर होस्टमध्ये बहुतेक चुका त्यानेच सापडतात. फक्त होस्टला स्वतःची खिडकी असेल तर 'प्रिंट'चा मजकूर कुठे जातो ते आधी पाहावे. कोसळण्याआधीची शेवटची ओळ बफरमध्ये अडकू शकते, म्हणून 'आयओ.एसटीडीएरर'वर लिहिणे भरवशाचे. टेबल छापले तर फक्त स्मृतीतला पत्ता दिसतो. आतले पाहण्यासाठी 'इन्स्पेक्ट'सारखी लायब्ररी घ्यावी. निओव्हिममध्ये ती 'व्हिम.इन्स्पेक्ट' म्हणून आधीच आहे. थांबत थांबत पाहायचे तर झीरोब्रेन स्टुडिओ हा संपादक होस्टमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्टशी सॉकेटमधून जोडून घेता येतो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने होस्टच्या बाजूने घालून दिलेला पाठ घेण्याजोगा आहे. हजारो लोकांनी लिहिलेले अ‍ॅडऑन एकाच खेळात चालतात, आणि एकाचे कोसळणे खेळाला पाडत नाही. एरर एका हँडलरकडे जाते. खेळाडूला हवे तर ती पडद्यावर दिसते, नाही तर बगसॅकसारखे अ‍ॅडऑन ती साखळीसकट गोळा करून ठेवते. दाखवायचे की नाही ते खेळाडू ठरवतो, पण साठवायचे मात्र सगळे. याच्या उलट टोकाला लुआ चालवणारे नोडएमसीयूचे छोटे बोर्ड. तिथे सुरुवातीच्या 'इनिट' फाइलमध्येच एरर असेल तर बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो आणि फाइल दुरुस्त करायलाही सवड देत नाही. म्हणून 'इनिट'मध्ये मुख्य काम काही सेकंद उशिरा सुरू करणारा टायमर ठेवण्याची रीत आहे. तेवढ्या वेळात हाताने थांबवता येते.

मराठी मजकूर हाताळणाऱ्या स्क्रिप्टना एक जास्तीचे पथ्य पाळावे लागते. लुआची लांबी बाइटमध्ये मोजली जाते. 'मराठी' या शब्दाची लांबी ती 15 सांगते, 'यूटीएफ8.लेन' 5 सांगते, कारण काने-वेलांट्या वेगळ्या धरल्या जातात. 'स्ट्रिंग.सब'ने पहिले दहा बाइट कापले तर 'ठ'चे तुकडे होतात. लुआ हूं की चूं करत नाही. तो तुटका मजकूर पुढे डेटाबेसने किंवा जेसन वाचणाऱ्याने नाकारला की मग शोध सुरू होतो, आणि तोही चुकीच्या टोकाकडून. 'यूटीएफ8.लेन' अशा मजकुरावर निल देते आणि पहिला बिघडलेला बाइट कितवा तेही सांगते. मजकूर बाहेर जाण्याआधी ही एक तपासणी ठेवावी.

अनंत फेऱ्यांत अडकलेल्या स्क्रिप्टसाठी होस्टने 'काउंट हुक' लावावा: ठरावीक इतक्या सूचना झाल्या की हुक चालतो आणि एरर उठवतो. त्याला दोन पळवाटा आहेत. स्क्रिप्टच्या आत 'पीकॉल' असेल तर ती ही एरर अडवून पुढे चालू शकते, म्हणून हुकने एकदाच नव्हे, दर वेळी एरर उठवावी. आणि हुक सी फंक्शनच्या आत चालत नाही. अवघड पॅटर्न घेऊन 'स्ट्रिंग.फाइंड' रेंगाळले तर तो हतबल असतो. लुआजिट या लुआच्या जस्ट-इन-टाइम कंपायलरमध्ये तर कंपाइल झालेल्या तुकड्यांतही हुक साधारणपणे चालत नाही. परक्या माणसाची स्क्रिप्ट चालवायची असेल तर ती वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवून बाहेरून वेळ मोजावी.

अशा परक्या स्क्रिप्टला 'डीबग' लायब्ररी देऊ नये. तिच्यातून दुसऱ्या फंक्शनांची लोकल व्हेरिएबल बदलता येतात. तिच्याविना ट्रेसबॅक जाईल अशी भीती असते, पण ट्रेसबॅक सी बाजूच्या हँडलरने बनवला तर स्क्रिप्टकडे ती लायब्ररी असण्याची गरजच नाही. 'लोड' करताना तिसऱ्या जागी 'टी' देऊन फक्त मजकूर स्वीकारावा, तयार बाइटकोड नाकारावा. लुआ बाइटकोडची तपासणी करत नाही, आणि मुद्दाम बिघडवलेला बाइटकोड पूर्ण इंटरप्रिटर पाडू शकतो. तिथे कोणताही 'पीकॉल' पोहोचत नाही.